दहापैकी अडीच

माझं मोडलेलं हाड जुळायला तीन महिने लागले. दुखतंय हे कबूल करायला मला पाच लागले.

आबिड्सच्या बाजारात सेलमधले शर्ट बघत चाललो होतो आणि फुटपाथ संपल्याचं मला कुणी कळवलं नाही! घोट्याचं ऑपरेशन झालं. धातूची पट्टी बसली, स्क्रू बसले, एक्स-रे उत्तम आला. मग दुखायचं कारणच काय? बायकोनं, सुधानं, विचारलं की मी म्हणायचो, "मस्त!" गोळ्या बंद केल्या. व्यायामही सोडला. (तो करताना तोंडावर खरं उमटायचं.)

पाचव्या महिन्यात तपासणीला गेलो.

"साब, दर्द दस में से कित्ता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दो," मी म्हणालो.

"आठ!" सुधा म्हणाली. "खुर्चीतून उठताना देवाचा धावा करतात. आणि हे नास्तिक!"

"आठ काय! फार तर अडीच."

"जरा चलके बताओ," डॉक्टर म्हणाले.

मी छाती पुढे काढून निघालो. चार पावलं झोकात पडली. पाचव्याला घोट्यातली कळ थेट मस्तकात गेली आणि मी हाताला लागेल त्याला मिठी मारली. लागला कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांगाडा! दोघंही गळ्यात गळा घालून खाली. माझं काही मोडलं नाही. त्याच्या मांडीचं हाड मात्र घरंगळत सुधाच्या चपलेपाशी गेलं.

"अडीच?" तिनं विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. मला बसवून म्हणाले, हाड जुळलं तरी काहींना महिनोन्‌महिने दुखतं, त्यात लाज कसली? पण तुम्हीच लपवलंत तर मी औषध कशावरून ठरवू? त्यांनी गोळ्या नव्यानं लिहून दिल्या. बर्फाचा शेक आणि रोज थोडा व्यायाम करायला सांगितला.

ऑटोत सुधा माझ्याकडे वळली.

"सुरुवातीला मला तुमचं 'मस्त' खरंच वाटलं हो," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला बेगम बाजारला मसाल्यासाठी पिटाळलं. दोनदा." तिचे डोळे भरले होते.

तिला त्रास नको म्हणून मी सोसत होतो, अशी माझी समजूत!

"सहा," मी म्हणालो. "खरंच सहा."

तिनं माझा हात धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.

आता तीनवर आलंय. पण खरं, तेही सविस्तर, सांगायची सवय अशी लागली आहे, की शेजारचे फारूखभाई हल्ली "खैरियत?" लिफ्टचं दार मिटता मिटताच विचारतात!