आगाऊ आवाज

१८ सप्टेंबर १९७० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या पर्यावरण कायद्यावर सही झाली. मोठे काम मंजूर करण्यापूर्वी त्याचे परिणाम तपासून लोकांपुढे मांडावेत, असे तो कायदा सांगतो. त्या परिणामांत आवाजही धरला जातो. ऑर्विल स्टिडम यांनी हा कायदा कधी वाचला नव्हता. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे नुकसान मात्र त्याच तपासणीच्या वाटेने आले.

ऑर्विल यांनी जन्मभर विहिरींचे पंप दुरुस्त केले. उतारवयात ते आणि पत्नी लव्हॉन आमच्या जिल्ह्यातल्या कोरड्या टेकड्यांत चार शेळ्या पाळून राहत होते. लव्हॉन यांची दृष्टी काचबिंदूने गेली होती, तरी त्या अंगणात एकट्या हिंडत. अंगणातल्या पवनचक्कीची करकर डाव्या कानाला ठेवून चालले की गोठा येई. ती पाठीमागे ठेवली की फाटक. लव्हॉन कानांनी वाट शोधत, हे अलंकारिक विधान नाही. वंगणासाठी चक्की थांबवली होती त्या दिवशी त्या कुंपणाच्या तारेवर जाऊन आदळल्या होत्या.

पुढे शेजारचे जुने कुरण विकले गेले. मोटरसायकली आणि जाड टायरांच्या चारचाकी मातीत, चढउतारांवर पळवण्यासाठी तिथे उद्यान करायचे ठरले. आधी बुलडोझर येणार, मग दर शनिवार-रविवारी गाड्यांचा गोंगाट. ऑर्विलना धास्ती एकच होती: त्या गोंगाटात लव्हॉनला चक्की ऐकू येणार नाही.

आवाजाच्या तपासणीसाठी ध्वनितज्ज्ञ मरीबेल ओचोआ आल्या. त्यांनी स्टिडम यांच्या कुंपणालगत तिपाई रोवली, माइकवर स्पंजचा गोळा बसवला, आवाज नोंदणाऱ्या खोक्याला कुलूप लावले आणि ‘नेहमीसारखे राहा’ एवढे सांगून त्या गेल्या. ऑर्विलनी त्या खोक्याला साक्षीदार मानले. ते जे ऐकेल तेच वर सांगेल. मग येऊ घातलेला त्रास त्याला आधीच का ऐकवू नये?

त्यांनी शेजारी डॉयल प्रुएटला गाठले.

“तुझी ती फुटक्या सायलेन्सरची चारचाकी आण.”

“कशाला? शिकारीला?”

“त्या खोक्याच्या कानात ओरडायला.”

“म्हाताऱ्या, उन्हात टोपी घालत जा,” डॉयल म्हणाला, पण आला.

दिवसभर डॉयलने कुंपणाभोवती गाडी घुमवली आणि ऑर्विलनी तिपाईशेजारी यांत्रिक करवत चालवली. लव्हॉन दारात आल्या.

“काय चाललंय रे?”

“सरपण कापतोय.”

“सरपणाला चाकं कधीपासून फुटली?” असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले.

उद्यानाला मंजुरी देणाऱ्या समितीची अहवालावरची जाहीर सभा शाळेच्या भोजनगृहात झाली. स्टिडम यांच्या घरापाशी होणारी आवाजाची वाढ ‘लक्षणीय नाही’, असे वाचून दाखवताच ऑर्विल उठले.

“लक्षणीय नाही? दिवसभर मी करवत चालवली, ह्या डॉयलने गाडी फिरवली! बहिरं आहे का तुमचं खोकं?”

लोक हसले. ओचोआ हसल्या नाहीत.

“मिस्टर स्टिडम,” त्या म्हणाल्या, “उद्यान अजून झालेलंच नाही. त्याचा आवाज आम्ही गणिताने काढतो. तुमच्याकडे मी मोजायला आले होते ती आजची शांतता. ती जितकी खोल निघाली असती, तितकी उद्यानामुळे होणारी वाढ मोठी दिसली असती.”

“म्हणजे ती मीच बुजवली,” ऑर्विल म्हणाले.

अध्यक्षांनी विचारले, “म्हणजे तुम्ही यंत्राला खोटं ऐकवलंत?”

“खोटं नव्हतं, साहेब. आगाऊ होतं.”

“आगाऊपणा तर दिसतोच आहे,” अध्यक्ष म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले.

ओचोआ यांनी करवत आणि गाडी ही घरची नेहमीची कामे समजून मोजणीत धरली होती. हा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. आमच्या टेकड्यांत हिवाळ्यापूर्वी घरोघरी करवत चालते. त्यांनी फेरमोजणीची विनंती त्याच सभेत केली, असे इतिवृत्तात नमूद आहे. जो माणूस एकदा मोजणीशी खेळला तो पुन्हा खेळणार नाही कशावरून, असे म्हणून समितीने बहुमताने ती फेटाळली आणि उद्यान मंजूर केले.

उद्यान सुरू झाल्यावर ऑर्विलनी ओसरीपासून गोठ्यापर्यंत दोर बांधला. लव्हॉन तो धरून एकदा गोठ्यापर्यंत जाऊन आल्या.

“आता मलाच दावं लावलंस,” त्या म्हणाल्या.

आधी त्या सुट्टीच्या दिवशी बाहेर पडेनाशा झाल्या, मग इतर दिवशीही. शेळ्या डॉयलकडे गेल्या. दुसऱ्या हिवाळ्यात लव्हॉन वारल्या. “डॉक्टर म्हणाले हृदय,” ऑर्विल पुढे वृद्धाश्रमात राहायला गेल्यावर सांगत होते. “मी म्हटलं, असेल.”

काही गोष्टी अज्ञात आहेत. उद्यानापूर्वी त्या अंगणात खरोखर किती शांतता होती, हे कुठेही नोंदलेले नाही. तो आकडा हाती असता तर समितीने वेगळा निर्णय दिला असता की नाही, हेही सांगता येत नाही. सभेला लव्हॉन नव्हत्या. डॉयलच्या मते त्यांना सगळे कळले होते. त्या इंजिन आवाजावरून ओळखत. ऑर्विलनी त्यांना कधी सांगितले नाही आणि त्यांनी कधी विचारले नाही. त्यांना ठाऊक होते का, हे आता कळण्याचा मार्ग नाही.