भज्यांखालचा स्पॅनिश पेपर
भज्यांचा आणि छापील कागदाचा एकत्र वास आला की मला परदेशातल्या आमच्या अवोन्डेल उपनगराचा रविवारचा बाजार आठवतो. तिथे चिलीहून आलेला एक म्हातारा संपादक आपला स्पॅनिश पेपर स्वतःच फुकट वाटायचा. लोक टाळायचे, आई मात्र भजी निथळायला पाच-पाच प्रती उचलायची. एकदा तो मला इंग्रजीत म्हणाला, "बंदच करणार होतो. पण तुमच्या आई वाचतात, म्हणून छपाईसाठी गाडी विकली." "काय म्हणतोय रे?" आईने विचारलं. "पेपर कसा वाटतो, विचारतोय." "छान आहे म्हणावं. भज्यांना शाई लागत नाही." मी त्याला "खूप आवडतो" एवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी तो खांद्यावर गठ्ठा घेऊन शेजारच्या न्यू लिन उपनगरातून चालत आला. संध्याकाळपर्यंत पहिल्या पानावरचा फीत कापणारा राजदूत तेलाने पारदर्शक झाला होता. खरं सांगायला आता तो म्हातारा हयात नाही. असता तरी मी सांगितलं नसतं.