शिट्टी नसलेल्या शिट्टीबाई

मी आयुष्यात एकच गोल मारला, आणि तोही आमच्याच संघावर. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे साताऱ्याहून नुकत्याच कार्डिफला आलेल्या या शहाणीला सांगितलं होतं. हिनं ऐकलं नव्हतं. चेंडू मिळाला, अडवायला कुणी येईना, म्हटलं आपला वेगच तसा! धावले आणि घातला जाळ्यात. वर समोरच्या संघाच्या पोरींनी येऊन मला मिठ्या मारल्या. मला वाटलं, काय हे सौजन्य! मी एकेकीला थँक्यू म्हणाले.

आमच्या पोरी डोक्याला हात लावून उभ्या. कोचबाई मात्र कडेवरून एवढंच म्हणाल्या, "धाव सुरेख होती, कुमुदिनी. आता तीच उलट्या दिशेनं." आणि मला बाहेर काढलं नाही.

कॉलेजात त्या गणित शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात आम्हा मुलींना फुटबॉल. घरी मी त्यांना शिट्टीबाई म्हणायचे, कारण त्यांच्याकडे शिट्टी कधीच नसायची. "शिट्टीनं कुत्री येतात. माणसांना नाव असतं," असं त्यांचं म्हणणं. बाकी सगळं कॉलेज मला 'कम' म्हणून मोकळं व्हायचं. या बाईंनी आठवडाभर माझ्याकडून शिकून 'द' घोटला. मग पावसात, वाऱ्यात, मैदानाच्या त्या टोकावरून अशी खणखणीत 'कुमुदिनी' यायची की माझी आई दचकली असती.

त्यांचा दुसरा हट्ट जास्त महागात पडला. शेवटची पंधरा मिनिटं उरली की बाकावर बसलेल्या सगळ्या जणी मैदानात. गोल कितीही झालेले असोत. "बाक गरम करायला हीटर आणा. या खेळायला आल्यात." एकदा आम्ही चुकून अंतिम सामन्यात पोचलो, बरोबरीत होतो, आणि बाईंनी मॉरीनला आत पाठवलं. मॉरीनला चेंडू आला की ती आधी डोळे मिटायची. हरलो. ड्रेसिंग रूममध्ये मी तणतणले, "मिस, तुम्ही कप घालवलात!" बाई बूट पुसत म्हणाल्या, "हो. मॉरीनला विचार, ती काय घेऊन घरी गेली." मी विचारलं नाही. तेव्हा मला कप हवा होता. अक्कल नंतर आली.

मुलांच्या संघाचे कोच होते कर्नल. सैन्यात कधी नव्हते, फक्त मिशा तशा होत्या. त्यांनी कॉलेजला कपाटभर कप मिळवून दिले. आता कोण मोठं, याचा वाद जुने विद्यार्थी पबमध्ये घालतच होते. पण गेल्या वर्षी कॉलेजनं नवं मैदान बांधलं आणि त्याला या दोघांपैकी कुणाचं नाव द्यायचं ते ठरवायला आम्हा सगळ्यांना पॅव्हिलियनमध्ये बोलावलं. दोघंही एव्हाना वर गेलेले. निघताना आमचे हे म्हणाले, "भांडू नकोस हं." मी म्हटलं, "अहो, मग जायचं कशाला?"

कर्नलच्या बाजूनं उठला ट्रेव्हर, त्यांचा लाडका कॅप्टन. आता दोन्ही गुडघे नवे, ऐट जुनीच. त्यानं एकेक कप सांगितला. मग मी उठले आणि माझा गोल सांगितला. पॅव्हिलियन हसून लोळायचं बाकी राहिलं.

"मजा आली," ट्रेव्हर म्हणाला, "पण विनोदावर मैदानाला नाव देत नाहीत. बाईंनी जिंकलं काय, ते सांग."

सांगण्यासारखं काही नव्हतं. मी सरळ सभेलाच विचारलं, "कर्नलच्या बाकावर बसलेलं कुणी आलंय का इथे?"

मग मागच्या रांगेत एक हात वर झाला. टक्कल पडलेला, लाजरा गृहस्थ. "मी ह्यू. तीन वर्षं संघात होतो. जर्सी एकदाही धुवावी लागली नाही." कुणी हसलं नाही. "एका शनिवारी मुलींच्या सामन्याला पंच आला नाही. शेजारच्या मैदानावर मी आमच्या बाकावर बसलेला, तर बाईंनी मला हाक मारली. त्यांना माझं नाव माहीत होतं! म्हणाल्या, 'ह्यू, पूर्ण सामना धावायचंय ना तुला? मग पंच हो. पंचाला कुणी बदलत नाही.' त्यानंतर मी सगळं आयुष्य पंचगिरी केली. साऊथ वेल्समधलं एक मैदान सोडलं नाही. आज पुन्हा कॉलेजात पाऊल ठेवलं ते फक्त त्यांच्यासाठी."

मतदान झालं. बाईंसाठी हात वर जाऊ लागले, पुढच्या रांगेतले, खिडकीपाशी उभे असलेले, आणि मग चक्क कर्नलचे बॅक आणि गोलकीपरसुद्धा. मोजायची गरजच पडली नाही. मी या वयात खुर्चीवर चढून ओरडले, आणि ह्यूनं मला हात देऊन खाली उतरवलं. आता तिथे पाटी आहे, भली मोठी, बाईंच्या नावाची. जा आणि बघा!

गाडीपाशी ट्रेव्हर आला. मला वाटलं, आता हा भांडणार. मी कंबर कसली. पण तो काठीवर रेलून म्हणाला,

"कर्नल गेले त्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. कपांचं काहीच बोलले नाहीत. 'तो ह्यू कुठे असतो रे?' एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही."