ओढणी अडकली की नापास

लेकीचं बाळंतपण माझ्याकडे व्हायचं होतं. बाळाला रोज तेल लावून न्हाऊ मीच घालणार, हे मी बाळ पोटात असल्यापासून सगळ्या मोहल्ल्याला सांगत सुटले होते. बाळ आलं ते ऐन डिसेंबरात. नागपूरची थंडी दुपारी उन्हात लाडानं बसवते आणि सकाळी चामडी सोलून काढते. त्यात माझा धंदा संत्र्याच्या कलमांचा. घरामागेच रोपवाटिका आहे. उजाडलं की गारठलेल्या पाण्यात हात, मग मातीत, मग परत पाण्यात. त्या दिवसांत माझ्या हातांना अशा भेगा पडतात की लिंबू पिळायची सोय राहत नाही. दरवर्षीचंच आहे म्हणून मी कधी त्यांच्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आलो आणि मी मोठ्या हौसेनं बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं असं काही भोकाड पसरलं, की लेक पलंगावर उठून बसली.

"आई, तुझे हात टोचून राहिले त्याले!"

"काहून वं? याच हातांनी तुले नाही का न्हाऊ घातलं?"

"तेव्हा मले बोलता येत नव्हतं," ती म्हणाली. "राहू दे. आपण मालिशवाली बाई लावू."

असा राग आला मला! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. बाई आली. बाळाला पायांवर घेतलं, आणि तो लबाड तिच्यापुढे चकार शब्द न काढता मजेत लोळला. मी दारात उभी राहून बघत होते, आणि माझा राग आता त्या बाईवरही गेला. खरं सांगते, मला रडू आलं. सव्वा महिना झाला की लेक त्याला घेऊन पुण्याला जाणार होती. तोवर माझे हात बरे झाले नाहीत, तर माझ्या पहिल्या नातवाला मी एकदाही न्हाऊ घातलेलं नसणार होतं.

बाईला माझा चेहरा दिसला असावा. निघताना म्हणाली, "काकू, थोडं मेण तिळाच्या तेलात वितळवा आन् कोमट झालं की लावा. हात लोण्यासारखे होतीन."

लेकीनं लगेच परीक्षा ठरवली. तिची रेशमी ओढणी माझ्या तळव्यावरून सरकली तर पास, अडकली की नापास. पहिल्याच दिवशी ओढणीचे दोन धागे निघाले.

मग मीही इरेला पेटले. मेण आणलं आणि फोडणीच्या लोखंडी कढईत तेल तापवलं. आता आमच्याकडे ती कढई कोणी साबणानं घासत नाही, गंज चढतो म्हणून. फडक्यानं पुसायची आणि टांगून ठेवायची. सकाळीच तिच्यात भिवापुरी तिखटाची सणसणीत फोडणी करून झुणक्यावर ओतली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. लेप मी एकेका भेगेत दाबून दाबून भरला.

बाप्पा बाप्पा! पाच मिनिटांत मी अंगणात नाचत होते. पाण्यात हात घातले तर आणखीनच भडका. शेवटी लेकीनं दह्याचं पातेलं पुढे केलं. मनगटांपर्यंत दह्यात बुडून मी बसले, पदर घसरला तर तोही तिनंच सावरला. नेमकी तेव्हाच मालिशवाली दारात हजर.

"काकू, मी लेप सांगितला होता. हाताले फोडणी काहून घातली?"

ती इतकी हसली, की मलाही हसू फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मालिशवालीवरचा माझा राग मात्र तिथेच संपला.

दोन दिवस मला बाळाजवळ जायची बंदी होती. मग मालिशवालीनंच स्टीलच्या वाटीत नवा लेप करून दिला. तो लावून, वर नवऱ्याचे जुने सुती मोजे चढवून मी बसायची. त्या हातांनी चहा पिणं म्हणजे सर्कसच. कलमांचं काम नवऱ्याकडे सोपवलं. तो रोपांना पाणी कमी आणि उपदेश जास्त द्यायचा. ओढणी रोज अडकायची. आधी सगळ्या बोटांना, मग दोन बोटांना, मग नुसती अंगठ्याला. लेकीच्या जाण्याला चार दिवस राहिले, तेव्हा ती सुळकन खाली पडली. मी घरभर टाळ्या वाजवत फिरले.

दुसऱ्या दिवशी उन्हात पाय पसरून बसले आणि बाळाला पायांवर घेतलं. रडला नाही. मी तेल जिरवत होते आणि तो डोळे मिटून पडला होता, मधेच एक जांभई दिली. मालिशवाली शेजारी बसून म्हणाली, "जमलं काकू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

न्हाऊन बाळ झोपलं. लेक माझ्यापुढे पाठ करून बसली. थंडीनं तिचं अंग कोरडं पडून खाजत होतं.

"आई, जरा पाठ खाजवून दे ना."

मी हात फिरवू लागले. ती आणखी मागे सरकली.

"जोरात कर."

"जोरातच करून राहिली वं."

"नाही, तसं नाही होत. लहानपणी तू नुसता हात फिरवला की मी झोपून जायची." तिनं वळून माझा तळवा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि तोंड पाडलं. "हे तर कोणाचेही हात वाटून राहिले. आई, पुढच्या थंडीत मी येईन तेव्हा माझेवाले हात मले वापस पाहिजे."