पाचव्या गल्लीचं उत्तर

आपांना काहीही विचारा, त्या आधी तुमचाच प्रश्न तुम्हाला परत करायच्या. "चहा घेणार का, असं विचारलं ना? घेणार." "किल्ली कुठंय, हे ना? टेबलावर." नवीन माणूस वैतागायचा. मीही वैतागले होते. तुमच्या ऑफिसातही असं एखादं माणूस असेलच.

आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या. शहरातल्या छावणी भागातून स्कूटीवर यायच्या आणि हेल्मेट काढता काढताच मी आदल्या दिवशी बनवलेल्या वेब-पानावर शेरा मारायच्या, "लई घाई करतं तुझं पान." मला त्यांचा राग यायचा आणि ज्या दिवशी त्या रजेवर असत त्या दिवशी करमायचंही नाही.

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. जायकवाडीनं तळ गाठलेला, आणि शहर मात्र बायपासपलीकडे पसरतच चाललेलं. काही टँकरवाल्यांनी मिळून आम्हाला काम दिलं. मोबाइलवर एक पान उघडायचं, त्यात आपली गल्ली निवडायची, की टँकर किती वाजता येणार ते दिसलं पाहिजे. त्यासाठी अख्खं पान पुन्हा उघडायला नको. पान गुपचूप सर्व्हरला विचारणार, सर्व्हर नुसती वेळ पाठवणार, ती चौकटीत उमटणार. हे मी लिहिलं. पहिल्यांदा वेळ चटकन उमटली तेव्हा मी खुर्चीवरून उठून सगळ्या ऑफिसला ती दाखवत फिरले.

आठवडाही झाला नसेल. पुंडलिकनगरातल्या माझ्या शेजारच्या काकू दारात आल्या. "पानावर साडेअकरा लिहिलं होतं गं. टँकर साडेनऊलाच येऊन गेला. आता चार दिवस मी काय करू?" त्यांच्या घरी काका अंथरुणाला खिळलेले, रोजची धुणी. आमच्या घरचे दोन हंडे त्यांना दिले आणि तोंड लपवून ऑफिस गाठलं.

सर्व्हरवर काकूंच्या पाचव्या गल्लीपुढं साडेनऊच होते. मी दहा वेळा विचारलं, दहाही वेळा बरोबर उत्तर. आपांनी स्कूटीची किल्ली उचलली. "चल, काकूंकडं. त्यांनी काय दाबलं ते त्यांनाच दाबू दे."

काकूंनी ओट्यावर बसून बोट फिरवलं. चुकून तिसरी गल्ली दाबली गेली, म्हणून लगेच पाचवी दाबली. मग चष्मा शोधायला लागल्या. तेवढ्यात आम्ही पाहिलं. चौकटीत साडेनऊ उमटले आणि दुसऱ्याच क्षणी पुसले जाऊन तिथं साडेअकरा आले. तिसऱ्या गल्लीचं उत्तर वाटेत रेंगाळून मागून आलं होतं, आणि माझं पान जे शेवटी येईल तेच खरं धरत होतं. काकूंनी चष्मा लावला, की त्यांना साडेअकराच दिसणार.

"तिसरीचा जवाब पाचवीला दिला व्हय," आपा म्हणाल्या. "अगं, जवाबासोबत त्याचा सवाल भी परत पाठव."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आपा, तुम्ही म्हणूनच असं बोलता?"

"म्हणून असं बोलते का, हे ना? पाच भावंडं एकदम विचारायची मला. कुणाचा जवाब कोणता, कळाय नको?"

चार ओळींचं काम होतं. सर्व्हर आता वेळेबरोबर गल्लीचं नावही पाठवू लागला. निवडलेल्या गल्लीशी नाव जुळलं नाही, की पान ते उत्तर सोडून द्यायचं. टँकरच्या पुढच्या पाळीला आम्ही दोघी सकाळीच काकूंच्या ओट्यावर. काकू हट्टानं तिसरी, पाचवी, तिसरी, पाचवी दाबत होत्या आणि पान ढळत नव्हतं. सव्वाआठ म्हणालं, आणि सव्वाआठला टँकर कोपऱ्यावर वळला. काकूंचे सगळे ड्रम भरले. मला इतका आनंद झाला, की मी आपांचा हात धरून म्हणाले, "आता तुमची गल्ली दाबा."

"आमची गल्ली नाय त्यात. छावणीच नाय. हे टँकर तिकडं येत नाय ना." आपा अगदी सहज म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी बघितलं मी."

तेवढे दिवस मी यादी रोज डोळ्यांखालून घालत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

त्यानंतर मी टँकरवाल्यांच्या इतकी मागं लागले, की पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी छावणी यादीत घेतली. तोवर आपा नोकरी सोडून मुलीकडे नांदेडला गेल्या होत्या.

पहिल्या पाळीला मी त्यांच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. मोबाइलवर गल्ली निवडली. उत्तर आलं, नावासकट, आणि टँकरही त्याच वेळेला आला. बायका भराभर ड्रम पुढं सरकवत होत्या. इथं घरटी एकच ड्रम, असा हिशेब होता. पाइप हातात घेऊन माणूस आपांच्या कुलूप लावलेल्या दारापुढं थांबला. "या घरचं कोण हाय?"

"मी," म्हणाले, आणि आपांच्या शेजारणीचा दुसरा ड्रम पुढं ओढला.