बाजारपेठेत उतार नव्हता

ही हकीकत मी आठ वर्षं टाळली. सांगायची वेळ अनेकदा आली, सांगू शकणारा मी एकटाच होतो, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. आता लक्ष्मण ढेबे जाऊन पाच आठवडे झाले. दुपारी दुकानातच, एका सायकलीचं चाक मांडीवर घेऊन बसलेला असताना त्याच्या छातीत कळ आली आणि एसटी डेपोसमोरून रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला बातमी कळली ती बँकेच्या रांगेत. पुढचा माणूस वळून म्हणाला, "नाना, तो बिनब्रेकवाला गेला म्हणे." महाडातल्या निम्म्या लोकांना त्याचं आडनाव ठाऊक नव्हतं, हे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ते त्याला माझ्यामुळे पडलं.

पुढच्या रविवारी शोकसभा झाली. रविवारी सकाळी हौसेने सायकल चालवणारे पंधरा-वीस जण, फोटोला हार, समोर उदबत्ती. एक व्यापारी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "लक्ष्मण गुणी कारागीर, पण हट्टी. बिनब्रेकच्या सायकलवरून, उतारावर, पाय न हलवता सुसाट यायचा. शेवटी गुडघा घालवून बसला. तरुणांनी यातून बोध घ्यावा. इथे नाना बसलेत, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी... मान डोलावली. घरी आलो, ताट पुढे सारलं आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. राग त्या व्यापाऱ्यांचा आला, नाही असं नाही. मेलेल्या माणसाच्या हारासमोर उभं राहून त्याच्याच चुका मोजायच्या आणि वर त्याला बोध म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे. पण त्या वाक्यातला शब्द न् शब्द माझा होता. आठ वर्षांपूर्वी मी तो गावाला दिला, गावाने जपून ठेवला आणि त्या दिवशी सगळ्यांसमक्ष मला परत केला.

लक्ष्मण पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर वाढला. घरी म्हशी. लहानपणी दुधाचे कॅन घेऊन उतरायचं आणि रिकामे कॅन घेऊन चढायचं, यात त्याची शाळा मागे पडली. पुढे मामाने मुंबईला नेलं आणि एका सायकलच्या दुकानात चिकटवलं. तिथे ऑफिसात काम करणारी तरुण मंडळी जुन्या काळ्या सायकली घेऊन यायची. त्यांचं मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं सोलून काढायचं, सांगाडा घासून रंगवायचा आणि मागचं चाक 'फिक्स' करायचं. साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, म्हणून आपण पाय थांबवले तरी सायकल टिकटिक करत पुढे जाते. ते काढून तिथे घट्ट बसणारी दातेरी चकती लावली की चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि पॅडल फिरतंय तोवर पाय. अशा सायकलवर चालता चालता पाय थांबवताच येत नाहीत. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर धरायचा. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तो महाडला परतला आणि डेपोजवळ गाळा घेऊन बसला तेव्हा लोकांना गंमत वाटली. शेजारचा हॉटेलवाला रोज डिवचायचा, "लक्ष्या, पायाला जरा उसंत दे रे. घाण्याचा बैल बरा." लक्ष्मण पॅडल मारतच उत्तर द्यायचा, "बैल फिरून फिरून तिथंच ऱ्हातो. मी सव गावाला जाऊन आलो, तुझा चहा अजून उकळतोय." मुंबईची सायकल त्याने जशीच्या तशी इथे आणली नाही, हेही नोंदवलं पाहिजे. इथल्या पावसात मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची शेपटी उमटते, म्हणून त्याने मडगार्ड परत बसवले. बाजाराची पिशवी राहावी म्हणून कॅरिअर ठेवला. हँडलला महागडी पट्टी गुंडाळण्याऐवजी गुरांच्या दाव्याची बारीक दोरी रंगवून, ओली असतानाच ओढून गुंडाळायचा. वाळली की ती अशी बसायची की घामाने हात सरकत नसे. आणि पुढच्या चाकाला ब्रेक. मुंबईत गिऱ्हाईकं ब्रेक काढायला लावायची, म्हणे त्याशिवाय रुबाब दिसत नाही. इथे एका कॉलेजच्या मुलाने तसं मागितलं तेव्हा लक्ष्मणने त्याची सायकल दुकानाबाहेर काढून ठेवली. "ब्रेकबिगर पायजे तर दुसऱ्याकडं जा. तुज्या आईला मी काय तोंड दाखवू?" हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. महाडात त्याच्या हातची एकही सायकल ब्रेकशिवाय बाहेर पडली नाही.

मी कोर्टातून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी लोकांच्या साक्षी टंकलिखित करण्यात गेली आणि ती नोकरी मी एका चोवीस इंची काळ्या सायकलवर केली. निवृत्तीनंतर मुलाने गाडी घेऊन दिली आणि सायकल पडवीत हुकाला टांगली गेली. लक्ष्मण एकदा शेजाऱ्याचा पंप द्यायला आला, त्याने ती पाहिली. म्हणाला, "साहेब, हिला फाशी का दिलीत? काय गुन्हा?" मला हसू आलं. आठवड्याने तीच सायकल गडद हिरवी होऊन, दाव्याच्या दोरीची पिवळी मूठ घालून दारात उभी राहिली. मागचं चाक फिक्स. मी म्हटलं, "अरे, या वयात? थांबणार कशी ही?" तर म्हणाला, "आमच्या डोंगरावरनं कॅन घेऊन उतरताना ब्रेक कुठं असतो? पायच धरतात. तरी तुमच्यासाठी पुढं ब्रेक लावलाय." पंधरा दिवस पहाटे तो मला सवच्या रस्त्यावर शिकवत होता. पहिल्याच दिवशी मी जुन्या सवयीने पाय थांबवले आणि पॅडलने मला असं उचललं की मी हँडलवर आडवा झालो. तो मागून धावत आला, कॅरिअर धरला. "पाय थांबवायचे नायत, नाना. ही सायकल इसरू देत नाय." साहेबाचा नाना झालो तो त्या सकाळी. पुढे आम्ही पाच-सहा जण रविवारी गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीपर्यंत जायचो, पिठलं-भाकरी खाऊन परतायचो. चढावर माझी कंबर धरली की लक्ष्मण शेजारी येऊन एक हात पाठीला लावायचा, स्वतःचे पाय न थांबवता. निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात चांगलं ते एक वर्ष होतं.

आता ती सकाळ. मी गाडी घेऊन बाजारपेठेत गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लावलेल्या, मधे बोळ उरलेला, तशीच माझीही लावली. इंजिन बंद केलं, डावीकडे वाकून शेजारच्या सीटवरची कापडी पिशवी उचलली आणि उजव्या हाताने दरवाजा उघडला. मागे पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. टायर रस्त्यावर घासल्याचा खर्र आवाज आला आणि दरवाजाला धडक बसली. लक्ष्मण खाली पडलेला होता, गुडघा दरवाजाच्या कडेवर आपटला होता. त्याच्या मागे रस्त्यावर दोन हात लांब काळा पट्टा होता. पायांनी मागचं चाक पूर्ण जखडल्याशिवाय तसा पट्टा उमटत नाही. हँडलवर ब्रेकची मूठ त्याच्या बोटांत तशीच आवळलेली होती. पायांनी आणि हातांनी माणसाला जेवढं थांबता येतं तेवढा तो थांबला होता. मी दरवाजा त्याच्या अंगावर उघडला होता, एवढंच खरं.

गर्दी झाली. कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, "ह्यांच्या सायकलींना ब्रेकच नसतो." ते मी म्हटलं नाही. मी फक्त ऐकून घेतलं. ब्रेकची मूठ सगळ्यांच्या नाकासमोर होती, आणि एकालाही ती दिसली नाही. गाडीचा दरवाजा उघडणारा या गावात कधी चुकत नाही. अर्धा रस्ता गाड्यांनी खाल्लेला चालतो, दोष मात्र हातभर रुंदीच्या सायकलचा. पण मला इतरांच्या आड लपायचं नाही. लक्ष्मणला दवाखान्यात नेलं आणि हवालदार माझा जबाब घ्यायला बसले. म्हणाले, "नाना, तुम्हीच सांगा, मी लिहितो. तुम्हाला यातलं कळतं." मला कळत होतंच. कोणतं वाक्य पुढे प्रश्न उरू देत नाही, हे शिकण्यात माझं आयुष्य गेलेलं. मी सांगितलं, 'सदर इसम ब्रेक नसलेल्या सायकलवरून उताराच्या वेगाने, पाय न हलवता, भरधाव आला व माझ्या उभ्या वाहनावर आदळला.' ...मला दंडाची भीती नव्हती, तुरुंगाची तर नाहीच. मला चुकलेला माणूस म्हणवून घ्यायची सवय नव्हती. एवढ्यासाठी.

या वाक्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. सायकलला ब्रेक होता. पाय न हलवता फिक्स सायकल चालवताच येत नाही, आणि हे मला त्यानेच शिकवलेलं होतं. आणि बाजारपेठेत उतार नाही. पुराचं पाणी जिथे दोन-दोन दिवस उभं राहतं, तिथे उतार कुठला? हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरीही एका माणसाने विचारलं नाही, नाना, उतार कोणता? एका बाजूला माझा शब्द, दुसऱ्या बाजूला डोंगरावरून आलेल्या माणसाचा. तोलून बघायचीही कोणाला गरज वाटली नाही.

महिन्याभरात आईबाप मुलांच्या सायकली ढकलत त्याच्या दुकानात आले. फिक्स काढा, साधं फ्रीव्हील घाला. लक्ष्मणने स्वतः बसवलेल्या चकत्या एकेक करून स्वतःच काढल्या. गुडघ्यात सळई घातलेली. पाय पुरता वाकेना, त्यामुळे उकिडवं बसता येईना, आणि फिक्स सायकल तर त्याला पुन्हा कधीच चालवता आली नाही. खालची कामं त्याची बायको सुनंदा शिकली. मी त्याला भेटायला मोसंबी घेऊन गेलो होतो. तो कॉटवर पाय लांब करून बसलेला. बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग त्याने अगदी सहज विचारलं, "नाना, मी पाय न हलवता आलो, असं लिवलंय म्हणतात." मी म्हटलं, "हं." "फिक्सवर पाय थांबतात?" मी मोसंबी सोलायला घेतली. तो माझ्या हातांकडे बघत राहिला, मग थोडा हसला. "असू दे. तुम्हाला तर मीच शिकवलंय." त्याने तक्रार दिली नाही आणि तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मोठ्या पुरात माझी सायकल गाळात गेली. त्याच्या गाळ्यात कमरेएवढा चिखल साचलेला असताना त्याने ती नेली, सुटी करून बेअरिंगचा एकेक छरा धुतला आणि परत आणून दिली. चाक फिक्सच ठेवलं होतं. गावात तेवढी एकच उरली होती.

सांगायचं ठरवून मी त्याच्या दुकानात किती वेळा गेलो याची गणती नाही. जायला निमित्त हवं, म्हणून सायकल ढकलत न्यायचो आणि म्हणायचो, "हवा बघ रे जरा." तो टायरवर अंगठा दाबायचा. टायर दगडासारखा असायचा. तरी तो पंप लावायचा, दोन दट्टे मारायचा, पंप काढायचा. मग फडक्याला हात पुसत थोडा वेळ उभा राहायचा. आता कळतं, तो वेळ तो मला देत होता. मी "येतो रे" म्हणून निघायचो. आठ वर्षं मी भरलेल्या चाकात हवा भरून घेतली.

तेरावं झाल्यावर सुनंदाने दुकान उघडलं. मी सायकल घेऊन गेलो. या वेळी निमित्त नको होतं, तरी तोंडातून तेच आलं. तिने नवऱ्यासारखाच मागच्या टायरवर अंगठा दाबला. "हवा हाय की यात, नाना." मग खाली बघतच बोलली, "मी त्यांना इचारायची, नाना सारखे कशाला येतात, चाक तर भरलेलं असतं. तर म्हणायचे, ते हवेसाठी येत नायत गो. काय तरी सांगायचंय त्यांना. सांगतील." अंगठा तसाच टायरवर होता आणि ती माझ्याकडे बघत होती. भिंतीवर खुंटीला त्याचं हात पुसायचं फडकं लटकत होतं. हे लिहिलेलं वर्तमानपत्रात छापून तिच्या हातात पडेल तेव्हा तिला सगळं कळेल, पण ते असं कळायला नको होतं. वाक्य तयार होतं, आठ वर्षं तयार होतं... लक्ष्मण, तू थांबला होतास, मी न बघता दरवाजा उघडला, मला माफ कर.

मी म्हणालो, "पुढच्या चाकात बघ जरा."