पाहिलं तेवढं सांग

मालतीबाई डॉक्टर पोराला घेऊन आलेल्या आईचं बोलणं मध्येच तोडायच्या. "तुले काय वाटलं ते नको. पाहिलं तेवढं सांग." वर्ध्याच्या कापूस बाजारामागे त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाई तिथल्याच, शिकलेल्यांशीही वऱ्हाडीतच बोलत.

अठ्ठ्याहत्तर साली मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला, नंदाला, तिथे नेलं. मी शिक्षिका, नंदा माझ्याच वर्गात. पाढे म्हणता म्हणता ती गप्प व्हायची, समोर बघत राहायची. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मग मी छडी घ्यायची.

"थांबते तवा पापण्या हलतेत का?" बाईंनी विचारलं.

मला सांगता येईना. ती थांबायची तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"किती वेळ राह्यते तशी?"

तेही माहीत नव्हतं.

बाईंनी नंदाच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं. "फुंकत राय पोरी, थांबू नको." आणि स्वतः मनगटावरचं घड्याळ पाहत बसल्या. दोनेक मिनिटांत भिरभिरं थांबलं. नंदाचे डोळे उघडे, पापण्या फडफडत होत्या. बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "लाल बैल." दहा-बारा सेकंदांनी ती पुन्हा फुंकू लागली, काही झालंच नाही अशी.

"आत्ता मी काय म्हणलं?"

"फुंकत राय."

बाई माझ्याकडे वळल्या. "मिरगीच हाय, पण माणसाले खाली न पाडणारी. नागपूरले मेंदूचा आलेख काढून येजो, म्हणजे खात्री होईल."

मला रडू आलं नाही. मी विचारलं, "मारल्यामुळे झालं?"

"मारल्यानं येत नाई. मारल्यानं जातही नाई." नंदाच्या हातावरचे वळ त्यांनी पाहिले होते. त्याबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत.

आलेखातही तेच निघालं. सासूबाई म्हणाल्या, गिरडच्या दर्ग्यावर नेऊ. बाई म्हणाल्या, "जा ना. औषध मात्र संग नेजो, एक वेळही चुकवू नको." चार वर्षांत झटके थांबले, मग औषधही सुटलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मालतीबाई गेल्या. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. नंदा हुंदके देत होती. मी भिंतीला टेकून उभी होते, माझ्या आत काहीच हललं नाही.

परतताना नंदा म्हणाली, "आई, माझ्या वळांवरून बाई तुला एकदाही रागावल्या नाहीत ना?"

"नाही."

"मी दर खेपेला वाट पाहायचे."

मी रिक्षाला हात केला. आम्ही बसलो आणि घरी आलो.